मास्तरांच्या कॅमेऱ्याचं टोपण

मंडळी, जरा पुढं सरकून बसा. मागं भिंतीला टेकलात की डोळा लागतो, आणि घोरण्याला साथ करायची आमच्या पेटीवाल्यांना सवय नाही! हां. आज देवासमोर एक साधा प्रश्न ठेवतो. वस्तू जुनी झाली — जपायची, की बदलायची? बोला! 'बदलायची' कोण म्हणालं? तुम्ही! बरोबर आहे, खिशातनं नवा मोबाईल डोकावतोच आहे तुमच्या. आणि 'जपायची' म्हणाल्या त्या आजी. आजींच्या माळ्यावर श्रीखंडाचे रिकामे डबे किती असतील ते पांडुरंगालाच ठाऊक!

तर ऐका. कृष्णाकाठी कुरुंदवाड. तिथं हर्डीकर मास्तर. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, निवृत्त झाले, फंड हातात आला — आणि घेतलं काय? सोनं? जमीन? छे! कॅमेरा! तोही कसला? रेंजफाइंडर! डिजिटल खरा, आत फिल्म नाही, पण वळण जुनं. फोटो काढणारं भिंग मध्ये, आणि आपण बघायची खिडकी वर कोपऱ्यात — निराळी! त्या खिडकीत माणूस दोनदा दिसतो, एक ठळक, एक पुसट. भिंगाची कडी हळूहळू फिरवायची. दोन्ही एकावर एक बसले — की दाबा! तोवर समोरच्याचा चहा पिऊन व्हायचा. पण मास्तर म्हणायचे, "माणूस घाईत सापडत नसतो."

आता यातली गोम ऐका हं! खिडकी निराळी, भिंग निराळं. म्हणजे भिंगावर टोपण तसंच राहिलं, तरी खिडकीत सगळं लख्ख! मास्तर कडी फिरवतायत, मान वाकडी करतायत, "हं, हसा!" म्हणतायत — आणि भिंगावर टोपण! तेवढ्यात शेजारून आवाज यायचा. कुणाचा? नलूकाकूंचा! मास्तरांच्या मंडळींचा. पदर खोचलेला, खांद्याला कॅमेऱ्याची पिशवी, आणि ठणठणीत आवाज —

"अहो, टोपण!"

लग्न असो, मुंज असो, वास्तुशांत असो. मास्तरांच्या 'हसा'ला कोणी हसत नसे. काकूंचं 'टोपण' झालं की अख्खा मांडव हसायचा! नवरदेव हसायचा, भटजी हसायचे, रुसलेली विहीणसुद्धा हसायची! मास्तर टोपण काढायचे, आणि तोच हसरा फोटो निघायचा. काय दिवस होते हो! कार्य कुणाचंही असो, आमंत्रण दोघांना, आणि पंगतीत पानं शेजारी शेजारी.

पण दिवस काय थांबतात? कॅमेऱ्याची बॅटरी थकली, आणि काकूंचे गुडघेही थकले. इतक्यात मास्तरांना नात झाली. बारसं सूनबाईंच्या माहेरी, गडहिंग्लजला. गुडघ्यांनी तर संप पुकारलेला! काकू म्हणाल्या, "तुम्ही जा. मला काही नको. माझी लेक बाळाच्या कानात नाव सांगेल ना, तेवढा एक फोटो आणा."

मास्तर गेले. व्याही उत्साही! हात वर करून ओरडले, "मोबाईल खाली ठेवा सगळ्यांनी! फोटो मास्तर काढतायत!" पाळणा सजला. आत्याबाई वाकल्या, कानात कुर्र्र झालं, पाठीत धपाधप धपाटे पडले — आणि मास्तरांनी धडाधड फोटो काढले! बॅटरी वाचवायला मागचा पडदा ते बंदच ठेवायचे. निवांत घरी आले. काकू चष्मा पुसून तयार. फोटो कॉम्प्युटरवर लावले. पहिला — काळा. दुसरा — काळा. सगळे काळे!

सांगा मंडळी, टोपण म्हणायला तिथं होतं कोण?

काकू रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता चष्मा काढला आणि म्हणाल्या, "जेवून घ्या. आमटी गरम करते."

मुलाचा फोन आला. "बाबा, द्या तो डबा टाकून! नवा घ्या. चेहरा ओळखतो, फोकस स्वतः करतो, टोपण राहिलं तर समोर अंधार दिसतो." कोल्हापूरचा दुकानदार जुना घेऊन नवा द्यायला तयार होता. मास्तरांनी ठरवलं — बदलायचा!

जायच्या आदल्या दिवशी जुने फोटो चाळत बसले. एक फोटो बघतात, दुसरा बघतात — अरेच्चा! सगळे हसतायत खरे, पण बघतायत कुठं? कॅमेऱ्याकडं कोणीच नाही! सगळ्यांची नजर जरा बाजूला. कुणाकडं? मास्तरांच्या कानात तो आवाज घुमला. त्यांनी मग तिचा फोटो शोधला. सगळे चाळले हो! एकात तिचा कोपर, एकात पिशवीचा बंद. आख्खं कुरुंदवाड त्या फोटोंत होतं, बायको नव्हती!

मास्तर उठले, काकूंपाशी गेले. "नलू, नाही विकत मी हा कॅमेरा. तुझा आवाज आहे यात."

आता काकूंनी काय म्हणावं? डोळ्याला पदर लावावा? अहो, काकू म्हणाल्या, "विका!"

"अगं —"

"विका म्हणते ना! जरीची साडी नेसून मी मांडवात जायची, ती तुमच्या टोपणाची राखण करायला? एकदा तरी म्हणालात, नलू, समोर ये? नवा घ्या. त्याला सांगायला माणूस लागत नाही म्हणे. मग मी मोकळी. मला फोटोत यायचंय!"

भूगोलाचे मास्तर! जगातल्या नद्या तोंडपाठ, आणि उशाशी वाहणारी कृष्णा दिसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू जरीची साडी नेसून अंगणात खुर्चीवर बसल्या. मास्तरांनी तोच कॅमेरा उचलला. काकू म्हणाल्या, "आज मी काही बोलणार नाही हं." ओठ घट्ट मिटून घेतले. मास्तर थांबले. कॅमेरा खाली घेतला, स्वतःच्या हातानं टोपण काढलं आणि खिशात टाकलं. मग खिडकीला डोळा लावला. समोर दोन नलू. कडी फिरवतायत, फिरवतायत — दोन्ही एकत्र येईनात! कडीचा दोष नव्हता मंडळी, डोळे भरले होते. उपरण्यानं पुसले, पुन्हा फिरवली. जुळल्या. दाबलं.

"बुवा, मग नवा घेतला का?" घ्या! जीव अजून कॅमेऱ्यातच यांचा! नाही घेतला. काकूंनीच विचारलं, "आणि कोल्हापूर?" मास्तर म्हणाले, "टोपण काढायला यंत्र कशाला? मला हात आहेत की." महिन्यानं सूनबाई बाळाला घेऊन आल्या, तेव्हा नात काकूंच्या मांडीवर होती, आणि काकू सरळ मास्तरांकडं बघत होत्या.

तर वस्तू जपायची की बदलायची, ते तुमचं तुम्ही ठरवा. बुवा त्यात पडत नाही. आता टाळ घ्या, विठ्ठलाचं नाव घ्या आणि नीट घरी जा. चपला मात्र आपापल्याच घाला! घरी गेल्यावर भिंतीवरचे फोटो बघा, आणि त्यांत कोण नाही ते शोधा. ते माणूस आत असेल, तुमचं पान वाढत. हातातलं काम ठेवायला लावा, आणि म्हणा — समोर ये.