ईस्टरपर्यंत मोबाईल बंद

बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर नवरा-बायको बसले होते. दोघांचेही मोबाईल बायकोच्या मांडीवर होते.

"माझा वाजला वाटतं. बघ गं, कोणाचा मेसेज आहे."

"ईस्टरपर्यंत मोबाईल सोडलाय ना तुम्ही? भर चर्चमध्ये उभं राहून सांगितलंत."

"सोडलाच आहे. देवाला शब्द दिलाय, मोबाईलला हात लावणार नाही म्हणून. कानांचं काही ठरलेलं नाही. वाच."

"माझ्या भावानं नव्या गाडीचा फोटो टाकलाय."

"त्याला काही लिहू नकोस, शेफारेल. माझ्या सकाळच्या बायबलच्या वचनाला किती आमेन आले?"

"वचन मी शोधलं, मीच टाकलं."

"माझ्या नावानं ना? मग सांग की."

"कालच्यापेक्षा कमीच आहेत."

"उद्या जरा लवकर टाक. लोक कामाला निघायच्या आत."

"थांबा, पाळकसाहेबांनी चर्चच्या ग्रुपवर लिहिलंय. शिवणकामवाल्या आजी दवाखान्यात एकट्याच आहेत. आज त्यांच्याजवळ कोणी बसेल का, विचारतायत. काय कळवू?"

"काही नको. मी तो मेसेज बघितलेलाच नाही. मोबाईलचा उपवास आहे माझा."

"बघितला नाहीत, पण ऐकलात."

"अगं, नेम म्हणजे नेम. आता देवाशी लबाडी करू का?"

"छे, छे. हात नाहीच लावायचा तुम्ही मोबाईलला. पायांचं काही ठरलंय का?"

"काहीतरीच तुझं."

"उठा, दवाखान्याचा स्टॉप आला. तुमच्या नावानं 'निघालो' असं लिहून टाकलंय. आमेन यायलासुद्धा लागलेत."