गोलामागं

राजूरची फुटबॉलची मॅच सुटली होती. वणीकडे निघालेल्या एसटीत धावजी खिडकीशी बसला होता. पुढच्या सीटवरचे दोघे त्याच्याच पोराविषयी, भारतविषयी बोलत होते, म्हणून तो ऐकत राहिला.

"भारतले नागपूरच्या टीमले देऊन त्यायचा फॉरवर्ड घेतला, तवा मी लय बोललो सेक्रेटरीले."

"अन् आता?"

"आता काय बोलू. चार मॅच जिंकलो ना आपण. नवा पोट्टा गोल करून राह्यला."

"पण मागून कोणी वरडत नाही."

"हो ना. भारत गोलकीपर होता तवा मागून एकेकाचं नाव घेऊन सांगे. आपला नयन अजूनबी बॉल भेटला का मागं पाह्यते, आवाज येईन म्हणून. तेवढ्यात समोरचा बॉल घेऊन जाते."

"आजबी दोनदा झालं तसं."

"अन् तो हिरव्या मफलरचा म्हातारा पाह्यला का? दर रविवारी आपल्या गोलामागं एकटाच बसते. हाफ बदलला का उठून इकडून तिकडे जाते."

"कोण आहे तो?"

"काय माहीत. भारत होता तवा तर कधी दिसला नाही."

धावजीनं गळ्यातला मफलर हळूच काढून पिशवीत घातला.

थोड्या वेळानं त्यातल्या एकानं मागं वळून विचारलं, "काका, तुमी इकडलेच ना? भारतले खेळताना पाह्यलं असन तुमी."

"नाही," धावजी म्हणाला. "तो होता तवा मी रविवारीबी वावरातच राहो."