बसली की अंडी बंद

...आणि वर सर मलाच विचारतात, "बाई, स्टूल कशाला हवंय तुम्हाला?" अहो, कशाला म्हणजे? बसायला! पण नाही, तुम्हाला सांगते, आमच्या कोंबडी संशोधन केंद्रात बसणं हाच गुन्हा, कोंबडीनं बसायचं नाही, बाईनं बसायचं नाही, बसायचं फक्त सरांनी, ते सकाळी त्या फिरत्या खुर्चीत जे रुततात ते संध्याकाळीच उठतात, आणि इतक्या वर्षांत त्यांच्याखालून एक अंडं निघालेलं मी तरी पाहिलं नाही!

सरांचं संशोधन काय, तर कोंबडीची बसायची ओढ तिच्या रक्तातूनच काढून टाकायची, ते काय ते जनुक की फिनुक, तिथूनच! कारण कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसली, की नवीन घालत नाही. "बसली की अंडी बंद!" हे सरांचं वाक्य, भिंतीवर रंगवून घेतलंय, झोपेतही तेच बडबडत असतील, बिचारी त्यांची बायको! खुडूक होणं म्हणे गावठीपणा, आणि आमच्या ह्या सगळ्या सुधारित. मग माझं काम काय? रोज प्रत्येकीच्या पोटाखाली हात घालायचा. थंड लागली तर चांगली. गरम लागली, खालची पिसं उपटलेली लागली, वर हाताला टोचलं, तर खुडूक! घाला पायात लाल कडं. लाल कडं घातलं की ती गेली... ती गेली, तिचा वंश गेला, विषय संपला. अशा पिढ्यान्‌पिढ्या गाळत आणल्या त्यांनी, आता अंडं घालतात आणि मागे वळूनसुद्धा बघत नाहीत, कागदाचा बोळा टाकावा तसं टाकून चालू पडतात!

आता माझं बाळ पाच महिन्यांचं. घरी सासूबाईंपाशी असतं. दुपार झाली की इकडे मला दूध दाटतं, एप्रन ओला होतो, कळा येतात, रडू येतं, कोंबड्यांच्यात उभी राहून रडते मी, काय सांगू! शेवटी सरांकडे गेले, म्हटलं, सर, दुपारी तासभर घरी जाऊन पाजून येऊ का? तर खुर्ची गर्रकन फिरवून म्हणतात, "बाई, सस्तन प्राणी आपल्या विभागात येत नाहीत!" विनोद होता म्हणे तो. स्वतःच हसून झाल्यावर मग, "बरं, तपासणीला मंडळी येतायत. शेडमध्ये एकही खुडूक निघाली नाही तर तुमची दुपार मंजूर. पण लक्षात ठेवा..." आणि बोट भिंतीकडे! बसली की अंडी बंद!

आणि तपासणीच्या आदल्याच दिवशी, काय व्हावं? कोपऱ्यातल्या पांढरीच्या पोटाखाली हात घातला, तर भट्टी! आणि टचकन टोचलं हो मला! फुगून दुप्पट झालेली, "कुर्रर्र... हात लाव, मग बघतेच तुला!" पण अंडी तर आम्ही लगेच उचलून नेतो, मग ही बसलीय कशावर? उचलून बघते तर... बल्ब! गेलेला बल्ब, वरून गळून भुशात पडला असणार, तो पोटाशी धरून बसलेली! एवढे शास्त्रज्ञ, एवढी यंत्रं, आणि हिच्यात ती ओढ कुठे दडून राहिली होती कोण जाणे! हसले मी, पोट धरून हसले. मग ओला एप्रन दिसला आणि माझं हसू थांबलं.

तुम्ही म्हणाल, लपवायची होतीस. कुठे लपवू? पदराखाली? आणि सापडली तर माझी दुपार गेली! एकीकडे ती, एकीकडे माझं पोर. घातलं कडं... माझ्याच हातानं घातलं. फक्त तिला गाळलेल्यांच्या पेटीत ठेवली तेव्हा तो बल्ब तिच्याखाली सरकवला. लगेच बसली त्याच्यावर.

मंडळी आली, हात घालून घालून बघितलं, सगळ्या थंड! टाळ्या! मी सरांपुढे उभी, उभीच अर्थात, "सर, माझी दुपार?" "छे छे बाई! तुमच्या हातासारखी पारख कुणाला आहे? तुम्ही गेलात तर दुपारी शेड कोण बघणार? उलट आता संध्याकाळचं शेडही तुमच्याकडेच!" बढती हो, बढती!

घरी पोचले तर दिवे लागलेले. सासूबाई पलंगावर, बाळ त्यांच्या कुशीत. एरवी दोन मिनिटं एका जागी न टिकणारी बाई, दुपारपासून हललेली नाही, ताट झाकलेलं तसंच! म्हटलं, द्या इकडे. बाळाखाली हात घातला, तर फाटकन चापट! "ठेव गं! रडून रडून आत्ता डोळा लागलाय त्याचा." आणि बाळानं... डोळेसुद्धा न उघडता माझा हात ढकलला आणि तोंड त्यांच्याकडे वळवलं.

हाताला सवय हो, आपोआप सासूबाईंच्या पोटाशी गेला. गरम! अस्सल खुडूक!

खुर्ची समोर होती तरी उभ्याउभ्याच जेवले आणि उद्याचा डबा धुऊन ठेवला. सासूबाई पडल्या गावठी. आम्ही सुधारित!