नावानं हाक

गुनवोर : पण एवढ्याशा बेकरीला नंबरचं यंत्र कशाला, रूने? चार माणसं आली की पाचव्याला बाहेर उभं राहावं लागेल!

रूने : सगळीकडे असतं. चिठ्ठी ओढायची, नंबर लागला की पुढे यायचं.

गुनवोर : इथं रांगेला आहे कोण? सकाळपासून तिघं काचेपर्यंत आले, तुला बघितलं आणि आल्या पावली फिरले.

रूने : दिसलं मला.

गुनवोर : एकतीस वर्षं कंपनीत घासलीस. निवृत्तीचा सगळा पैसा या भट्टीत घातलास, मी हूं की चूं केलं नाही. पण अख्खा स्वीडन पडलाय, आणि तुला दुकान टाकायला हेच गाव सापडलं? जिथला कागदाचा कारखाना तू बंद केलास?

रूने : मी नाही बंद केला. मी फक्त कामावरून काढलेल्यांची यादी वाचली.

गुनवोर : लोकांना तुझाच आवाज आठवतो.

रूने : मलाही. पीठ मळायला घेतलं की यादी सुरू होते, गुनवोर. एकशे बारा नावं. ती संपेपर्यंत हात थांबत नाहीत. म्हणून हे यंत्र. आता माझ्या तोंडून कुणाचं नाव नको.

गुनवोर : अरे देवा. मला वाटायचं, गाणं गुणगुणतोस... थांब, कुणीतरी आलं. मायलिस! बेंग्टची बायको. तू आत जा, मी बघते.

रूने : नको. इथंच थांबतो.

(मायलिस यंत्रातून चिठ्ठी ओढते.)

रूने : नंबर एक.

मायलिस : दुकानात मी एकटीच आहे, साहेब.

रूने : या, मायलिस. काय देऊ?

मायलिस : आधी बेंग्टचं नाव घे.

रूने : मला माफ...

मायलिस : माफीबिफी राहू दे. त्या दिवशी कॅन्टीनमध्ये सगळ्यांदेखत घेतलंस, कागदातून मान वर न करता. आठ दिवसांत त्यानं तळ्यात जीव दिला. तेव्हापासून माझ्यासमोर त्याचं नाव कुणी काढत नाही. मी आले की सगळे गप्प. सात वर्षं झाली.

गुनवोर : मायलिस, अगं, त्यालाही फार...

मायलिस : तू मध्ये पडू नकोस. रूने, इकडे बघ. माझ्याकडे.

रूने : बेंग्ट... बेंग्ट हेडमान.

मायलिस : पुन्हा.

रूने : बेंग्ट हेडमान.

मायलिस : हं. राय धान्याचा पाव दे, अर्धा. एकटीला पुरतो. उद्या आले की त्याचं नाव असंच घ्यायचं.

रूने : रोज?

मायलिस : पाव रोजच लागतो.