पल्लवीचे हॉटडॉग आणि माझा ठेचा

त्या दिवशी माझ्या शब्दावर घरात एकानेही विश्वास ठेवला नाही, नवऱ्यानेसुद्धा नाही. पुतणीला, पल्लवीला, बघायला चाळीसगावची माणसं आली होती. ती म्हणाली, "काकू, पोहे सगळेच करतात, मी मेक्सिकन हॉटडॉग करते." म्हणजे लांबट पावात सोयाचं सॉसेज आणि वर राजमा, कांदा, टमाटे, दही, चीज. मी फक्त पाव भाजून दिले.

मुलाच्या वडिलांनी पहिला घास घेतला आणि त्यांना असा ठसका लागला की बोलता येईना. मुलाने तांब्याच तोंडाला लावला.

"पाहुण्यांना मारता का?" मुलाची मावशी डोळ्याला पदर लावून म्हणाली.

नवरा माझ्यावर उखडला. "ठेच्याची वाटी रिकामी आहे. तुझाच हात."

"मी वाटीला हात लावला नाही."

"मग काय मेक्सिकोहून कोणी आलं?"

पल्लवी रडायला लागली. मुलाचे वडील उठून चपला घालू लागले. मावशीच्या डोळ्याचं पाणी मात्र थांबेना. मी विचारलं, "मावशी, तुम्ही किती खाल्लं?"

"मना उपास शे आज."

"घास खाल्ला नाही, तर डोळ्यात तिखट कुठून गेलं? पाणी प्यायला स्वयंपाकघरात तुम्हीच गेला होतात ना?"

सगळे तिच्या बोटांकडे बघायला लागले. ती पुटपुटली, "राजमा फिका दिसत होता, म्हणून कालवला जरासा."

मुलाचे वडील चपला काढून परत बसले. "रडू नको, पोरी. आमच्या घरची भाजीसुद्धा दर वेळी ही अलकाच बिघडवते."