सुमनताईंचं न रडणं

लिहून घ्या मावशी, पण दिग्दर्शक हा शब्द जरा जपून लिहा, नाहीतर तुमचं पत्र वाचून नातवंडांना तिकडे परदेशात वाटेल कुणी मोठा माणूस आहे. आम्ही मूळचे अमळनेरकडचे, वडील कापडाच्या लूमवर कामाला म्हणून सुरतेत आलो, मी इथल्या लिंबायत वस्तीतच वाढलो, लग्नांचं शूटिंग करता करता आपल्या अहिराणी माणसांच्या छोट्या फिल्मा काढायला लागलो, मोबाइलवर बघतात तशा. नट म्हणजे गल्लीतलीच माणसं, सुट्टीच्या दिवशी येतात.

आता काय सांगू तुम्हाला, आपला माणूस कॅमेरा बघितला की ओरडायलाच लागतो, लूमच्या खडखडाटात बोलायची सवय, वर टीव्ही बघितलेला. हळू बोला, हळू बोला, सांगून सांगून माझा घसा बसायचा.

तर आमच्या शेजारच्या सुमनताई, घरी बसून साड्यांना खडे चिकटवतात, त्यांना मी एक काम दिलं. गावाहून भाऊ गेल्याचा फोन येतो, एवढाच प्रसंग. मी म्हटलं, रडा. नाही रडल्या. सात वेळा म्हटलं. डोळ्यांत ग्लिसरीन घातलं तेव्हा चिडल्या, म्हणाल्या, माझा भाऊ खरंच गेला तेव्हाही मी छाती बडवली नव्हती रे, साडीवर गोंद लावलेला होता, तो वाळला असता. मी ग्लिसरीन बाजूला ठेवलं, मावशी. मग त्यांचीच साडी, त्यांचाच गोंद समोर ठेवला आणि म्हटलं, तुम्ही तुमचं काम करा, फोन आला की घ्या, मी काही सांगणार नाही. त्यांनी फोन खांद्याशी धरून ऐकलं, बोटावरचा खडा जरा वेळ तसाच राहिला, मग चिकटवला, मग दुसरा घेतला. बस, एवढंच. तेव्हापासून मी नटाला भावना सांगत नाही, हाताला काम देतो, माझी सगळी विद्या एवढीच.

आणि आमच्या फिल्मा मोबाइलवर लावतो त्या चॅनेलवाल्यानं काय करावं? मला न विचारता फोनच्या प्रसंगामागे कुठल्यातरी बाईचा हंबरडा टाकला. मी जाऊन भांडलो तर म्हणतो, भाई, कुछ हो ही नहीं रहा था, पब्लिक को रोना चाहिए. सुमनताई शेजारणींबरोबर बसून बघत होत्या, एकीनं कौतुकानं म्हटलं, सुमन, तू ते बेस रडनी. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, हाई रडनं कोनं शे रे भाऊ? म्हणजे, हे रडणं कुणाचं?

आता बोलवलं तर येत नाहीत. म्हणतात, आधी ते रडणं काढ. चॅनेलवाला काढत नाही, उलट मला म्हणतो, दुसरा भाग बनवा, त्यात दोन बायका रडू द्या. चार वेळा गेलो त्याच्याकडे, आता पाय उचलत नाही.

मूळचं चित्रण माझ्या मोबाइलमध्ये आहे, तुम्हाला पाठवतो, तुम्ही नातवंडांना पाठवा. देव त्यांना सुखात ठेवो. बघून झालं की दोन ओळी लिहायला सांगा मावशी, म्हणजे मला सुमनताईंच्या दारात जाऊन सांगता येईल, ताई, तुम्हाला न रडताना कुणीतरी बघितलं.