कस्टर्डात गुठळ्या पाहिजेत

...नाही, तुम्हीच सांगा मला, ज्या माणसानं उभा जन्म गुठळ्या फोडण्यात घालवला, त्याला कुणी म्हणतं का, की बाबा रे, आज जरा चार गुठळ्या कर म्हणून? मी भिंतींना प्लास्टर करणारा माणूस! माझ्या हाताखालून गेलेल्या भिंतीवर तुम्ही खुशाल गाल घासा, ओरखडा उठला तर नाव बदलीन! वाळू चाळायची, माल कालवायचा, थापीनं मारायचा, गुरमाळा फिरवून गुळगुळीत करायचा, आणि एवढासा खडा जरी हाताला लागला ना, तर मला घरी जाऊन जेवण जात नाही. आणि अशा माणसाला नाताळच्या दिवशी, सासुरवाडीला, गॅससमोर उभं करून सांगितलं, 'कस्टर्डात गुठळ्या पाहिजेत.' मी काय बोलणार? म्हटलं, बरं.

तेही कोंडून! खरंच कोंडून हो. सासूबाईंचं जेवणाचं टेबल आहे उघडमिटीचं. एरवी बिचारं कोपऱ्यात अंग चोरून असतं, पण नाताळला सगळा गोतावळा जमला की मेहुणा त्याच्या दोन्ही फळ्या उचलतो, आणि मग ते जे लांबतं... एक टोक समोरच्या भिंतीला, दुसरं थेट स्वयंपाकघराच्या दाराला! आणि दार उघडतं बाहेरच्या बाजूला. म्हणजे काय झालं? मंडळी बसली की आतला माणूस आत! त्याला बाहेर यायचं तर सगळ्यांनी उठायचं, खुर्च्या ओढायच्या, हिच्या आजोबांना हात धरून उभं करायचं... कोण करतंय? मधल्या भिंतीला एक छोटी खिडकी आहे, त्यातून ताटं बाहेर जातात आणि सूचना आत येतात. ताटं कमी, सूचना जास्त.

आता तुम्ही म्हणाल, गुठळ्यांचं काय खूळ? सांगतो. ह्यांच्याकडे नाताळला ट्रायफल असतं. काचेचं मोठं उभं भांडं, तळाला केक, त्यावर जॅम, मग लाल जेली, फळं, कस्टर्ड आणि डोक्यावर क्रीम. लग्न ठरलं तेव्हा मला कुणीतरी हे वर्णन ऐकवलं, मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, थरावर थर म्हणजे आपलीच माणसं की! पण पहिल्याच नाताळला बघतो तर कस्टर्डात ह्या एवढाल्या, द्राक्षाएवढ्या गुठळ्या! मी गुपचूप चमच्यानं दाबायला गेलो, तर ही टेबलाखालून माझ्या पायावर पाय देऊन म्हणते, 'अरे फोडू नकोस, बाबांच्या आहेत!'

बाबांच्या! सासऱ्यांना गुठळ्यांचं भारी वेड. भांडं आलं की ते आधी काचेला डोळा लावायचे, गुठळी दिसली की 'आली!' म्हणून ओरडायचे, आणि सगळं टेबल टाळ्या वाजवायचं. वर्षानुवर्षं. पोरंसोरं, म्हातारीकोतारी, सगळे गुठळीला टाळ्या! माणूस फार गोड होता हो. मी सांगतोय त्या वर्षीच्या उन्हाळ्यात गेले. म्हणजे हा त्यांच्याशिवायचा पहिलाच नाताळ, आणि त्याच्या तोंडावर सासूबाई न्हाणीघरात घसरल्या. उजवं मनगट मोडलं, हात गळ्यात. आता ट्रायफल कोण करणार? मेहुणा हेडमास्तर आहे, घरातसुद्धा प्रार्थनेनंतर बोलावं तसा बोलतो. 'तर, भावोजी. थरांचं काम आहे, ते आपण करावं. फक्त एक लक्षात घ्यावं. ह्या वर्षी गुठळ्या चुकल्या, तर आई कोसळेल.' आई कोसळेल! म्हणजे केक नाही, जेली नाही, एकदम आईच! मी काय बोलणार? म्हटलं, बरं.

तर झालं काय, टेबल लागलं, मंडळी बसली, दार बंद. आत मी, आणि स्टुलावर बसलेल्या सासूबाई. केक, जॅम, जेली, फळं... तुम्हाला सांगतो, असे थर लावले, असे लावले, की पाणसळ ठेवून बघा, कुठे उतार सापडणार नाही! मग कस्टर्ड. सासूबाई म्हणाल्या, 'दूध उकळलं की पावडर सरळ त्यात टाका. कालवू नका.' टाकली. आणि काय सांगू, झकास गुठळ्या धरल्या! मी खूश. आणि इतक्यात... माझा हात! मी नाही हो, माझा हात! तो आपला आपण चमचा घेऊन पातेल्यात गेला आणि एकेक गुठळी कडेला दाबून फोडायला लागला. मी त्याला थांबवतोय, तो ऐकतोय का? तीस वर्षांची सवय आहे त्याला. बघता बघता कस्टर्ड कसं? आरशासारखं! मी घाबरून सासूबाईंकडे बघितलं. त्या पातेल्यात बघून एवढंच म्हणाल्या, 'ठेवा बाजूला. पुन्हा करा.'

खिडकीतून मेहुणा, 'भावोजी, गुठळ्या?' म्हटलं, होतायत, होतायत!

पुन्हा केलं. ह्या वेळी उजवा हात खिशात घातला. तर डाव्यानं फोडल्या! डाव्यानं मला साधी सही येत नाही हो! खिडकीतून ही, 'अरे, जमतंय ना तुला?' मागून आजोबा, 'झालं का? मला औषध घ्यायचंय!' घामानं मी चिंब, दूध संपत आलेलं, दाराला टेबल, पळायला जागा नाही, आणि डोळ्यांसमोर एकच चित्र, भांडं बाहेर जातंय, सगळे काचेला डोळे लावतायत, कस्टर्ड सपाट, टाळीला वर गेलेले हात तसेच हवेत... आणि सासूबाई कोसळतायत. रडू यायचं बाकी राहिलं.

आणि वळून बघतो तर काय! बाजूला ठेवलेलं पहिलं पातेलं... रिकामं! चाटूनपुसून रिकामं! आणि सासूबाई डाव्या हातात चमचा घेऊन दुसऱ्या पातेल्यात!

मी म्हटलं, 'आई?'

त्या म्हणाल्या, 'दार बंद आहे ना नीट?'

म्हटलं, 'आई, दार उघडतच नाही.'

'मग ऐका. मला गुठळ्या अजिबात आवडत नाहीत. कधीच आवडल्या नाहीत.' आणि एक चमचा तोंडात. 'लग्नानंतरचा पहिला नाताळ. घाईत पावडर सरळ उकळत्या दुधात पडली, कस्टर्डाचा चिखल झाला. सासरचे सगळे जमलेले. आणि ह्यांनी पहिला घास घेतला, मान वर केली आणि ओरडले, वा, गुठळ्या! आमच्या आजीच्या हातच्यासारख्या! ह्यांच्या आजीनं जन्मात कस्टर्ड केलं नव्हतं, जावईबापू. माझी लाज राखली माणसानं. मग पुढच्या वर्षी मी बिनगुठळ्यांचं कसं करणार? ते खोटे पडले असते ना.'

म्हटलं, 'पण मग बाबांना तरी आवडायच्या का?'

सासूबाईंचा चमचा थांबला. 'ते कधी विचारलंच नाही हो,' म्हणाल्या, आणि डोळे पुसायला उजवा हात उचलायला गेल्या, तो गळ्यात, डाव्यात चमचा... मग मीच माझ्या रुमालानं पुसले. चुना होता रुमालाला थोडा. कसं सांगू तुम्हाला, मला त्या बाईचं इतकं वाईट वाटलं, इतकं वाईट वाटलं, की मी म्हटलं, आई, खड्ड्यात गेल्या गुठळ्या, आज बिनगुठळ्यांचंच देऊ! तर त्या एकदम ताठ! 'खबरदार! बाहेर पोरं बाबांची वाट बघतायत. उरलेलं दूध ठेवा गॅसवर. पावडर मी टाकते. तुम्ही हात मागे बांधा आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहा!'

मी काय बोलणार? म्हटलं, बरं. जावई माणूस, नाताळच्या दिवशी, शिक्षा झाल्यासारखा भिंतीकडे तोंड करून! आणि भिंत तरी कशी? कुणा आडमुठ्यानं प्लास्टर केलेली, नाकासमोर हा एवढा उंचवटा! तोही फोडायचा नाही!

पण गुठळ्या धरल्या. भांडं खिडकीतून गेलं. मग मेहुण्यानं काचेला डोळा लावला, आणि तुम्हाला सांगतो, त्या हेडमास्तरचा आवाज असा फाटला... 'आली!' टाळ्या! टाळ्या आणि रडणं, रडणं आणि टाळ्या, ही रडतेय, मेहुणा रडतोय, आजोबा विचारतायत कोण आली! आणि आत सासूबाई माझ्या पाठीवर डाव्या हातानं थापट्या मारतायत, कारण टाळीला दुसरा हात नाही. रडता रडता मेहुणा खिडकीतून मुंडकं आत घालून म्हणाला, 'भावोजी, आता हे काम कायमचं तुमचं.' मी काय बोलणार?

तेव्हापासून दर नाताळला मी आत. आधी एक पातेलं आरशासारखं, ते स्टुलावर बसलेल्या माणसासाठी. मग भिंतीकडे तोंड, आणि गुठळ्यांचं बाहेरच्यांसाठी. तुम्ही म्हणाल, सासूबाईंचा हात बरा झाला नाही का अजून? अहो, डॉक्टर म्हणतात हाड केव्हाच जुळलंय! पण नाताळ आला की त्यांना कळ येते, आणि हात गळ्यात. मेहुणा म्हणतो, 'आईला आत बसू दे, भावोजींवर लक्ष राहील.' गेल्या वर्षी तर घाईघाईत त्यांनी चुकून डावाच हात गळ्यात अडकवला. टेबलावरच्या एकाच्याही लक्षात आलं नाही. माझ्या आलं. मी आपला चमचा त्यांच्या उजव्या हातात दिला.